पुरेशी गाडी

माझ्याकडे स्पोर्ट्स कार आहे आणि कुठलीही फॅमिली मिनीव्हॅन तिला सहज मागे टाकते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. गाडी १९९५ सालची माझदा मिआटा. दोन सीट, कापडी टप, १.८ लिटरचं इंजिन, १२८ हॉर्सपॉवर. शेजारच्या लेनमधल्या, मागे दोन चाइल्ड सीट लावलेल्या होंडा ओडिसीची ताकद २८० हॉर्सपॉवर असते. सिग्नल हिरवा झाला की ती अजिबात घाई न करता पुढे निघून जाते.

तरीही या गाडीवर जीव टाकणारे लोक जगभर आहेत. कॅलिफोर्नियात त्यांच्यात एक जुना विनोद चालतो. कोणती गाडी घेऊ, असं कुणीही विचारलं, मग त्याला तीन मुलं असोत की सोफा वाहून न्यायचा असो, उत्तर एकच, ‘मिआटा’. दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये सर्वाधिक विकली गेलेली गाडी म्हणून तिचं नाव गिनेसच्या पुस्तकात आहे. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली.

मोजता येईल अशा बहुतेक सगळ्या बाबतींत मागे पडलेल्या वस्तूवर माणसं इतकं प्रेम का करतात? आणि त्याहून अवघड प्रश्न म्हणजे, असं प्रेम करावं का?

पहिलं उत्तर सगळ्यांच्या तोंडावर असतं, नॉस्टॅल्जिया. माझ्या बाबतीत ते लागू पडत नाही. ही गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि भारतात मी ती कधी पाहिलीसुद्धा नव्हती. आमच्या गावात माझदा म्हणजे स्वराज माझदा, शाळेची पिवळी बस. त्या बसच्या आठवणी आहेत, पण त्यातली एकही टप उघडून वाऱ्यावर केस उडवण्याची नाही. दुसरं उत्तर म्हणजे मिरवणं. पण मी जिथे काम करतो तिथल्या पार्किंगमध्ये या गाडीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. बघितलंच तर ‘अरे, अजून चालते?’ एवढंच विचारतात. म्हणजे उत्तर दुसरीकडे शोधावं लागेल, आणि ते बरंचसं या गाडीच्या जन्मकथेत आहे.

१९७९ साली बॉब हॉल नावाच्या अमेरिकी मोटर-पत्रकाराने माझदातल्या केनिची यामामोतो यांच्यापुढे एक कल्पना मांडली. ब्रिटिशांच्या छोट्या, हलक्या, उघड्या टपाच्या गाड्या संपत चालल्या आहेत, तशी एखादी गाडी तुम्ही बनवा. तो काळच तसा होता. एमजीबीचं उत्पादन पुढच्याच वर्षी थांबलं. त्या गाड्या चालवायला देखण्या आणि सांभाळायला छळवादी होत्या. तेल गळायचं, वायरिंग दगा द्यायचं. यामामोतो पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले आणि कल्पनेला वाट मिळाली. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये गाडी लोकांसमोर आली. अमेरिकेत मूळ किंमत १३,८०० डॉलर, इंजिन १.६ लिटर, ११६ हॉर्सपॉवर, वजन एक टनाच्या आत.

त्या काळीही हे आकडे कुणाला दिपवणारे नव्हते. प्रकल्पाचे प्रमुख तोशिहिको हिराई आणि त्यांच्या टीमने मेहनत दुसरीकडेच घेतली होती. इंजिन पुढे पण शक्य तितकं मागे सरकवलेलं, जोर मागच्या चाकांना, दोन्ही ॲक्सलवर जवळपास समान वजन. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल ॲल्युमिनियमच्या एका लांब चौकटीने जोडलेले, म्हणजे पाय दाबला की मधे कुठे ढिलाई जाणवू नये. आपण काय करतोय यासाठी त्यांनी एक जुना जपानी शब्दप्रयोग निवडला, ‘जिनबा इत्ताई’. घोडा आणि स्वार एक होणं. धावत्या घोड्यावरून बाण मारणाऱ्या धनुर्धराचे हात धनुष्यात गुंतलेले असतात, लगाम सुटलेला असतो. घोड्याला त्याचं मन कळलं नाही तर सगळं संपलं.

आपल्याकडे कठोपनिषदात रथाचं रूपक आहे. शरीर रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी आणि आत बसलेला आत्मा सगळ्यांपासून वेगळा. तिथे घोडे आवरायचे असतात. जिनबा इत्ताईत घोड्याचं ऐकायचंही असतं. ही दुसरी कल्पना मला या गाडीने शिकवली. स्टिअरिंगमधून रस्त्याचा खडबडीतपणा हाताला कळतो. वळणावर वेग जरा जास्त झाला तर घसरण्याआधी कितीतरी आधी ती कुरकुर करून सांगते. सांगून मग घसरते, हा तिचा सज्जनपणा.

आता कमी ताकदीचा मुद्दा. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन अगदी सात हजार आवर्तनांपर्यंत नेलं तरी माझ्या गाडीचा वेग ताशी साठ मैलांच्या आसपास राहतो. म्हणजे हायवेला लागतानाच्या रॅम्पवर, कायदा न मोडता, मी या यंत्राची सगळी क्षमता वापरू शकतो. पाचशे हॉर्सपॉवरच्या गाडीत असं करायला रेस ट्रॅक लागतो. तिच्या मालकाने पैसे मोजलेले असतात ते मुख्यतः एका शक्यतेचे. ती शक्यता तो रोज ऑफिसला घेऊन जातो आणि रोज तशीच परत आणतो. आपल्या आयुष्यात अशा न वापरलेल्या शक्यतांचा ढीग आहे. फोनमधले कॅमेऱ्याचे मोड, न वाचलेली ई-पुस्तकं, कधीतरी करू म्हणून घेतलेले कोर्स. क्षमता साठवली की आपण समृद्ध झालो असं वाटतं. या गाडीने मला उलट बाजू दाखवली. थोडं असावं आणि ते तळापर्यंत वापरता यावं, यातही एक श्रीमंती आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे हे मला जरा जास्त टोचतं. गेल्या दोनेक वर्षांत माझ्या कामाचं स्वरूप बदललं. कोड मी कमी लिहितो, मशीनने लिहिलेला तपासतो जास्त. काम भराभर होतं, तक्रार करायला जागा नाही. पण संध्याकाळी लॅपटॉप बंद करताना आज मी नक्की काय केलं, हे सांगता येत नाही. चुकलं तर का चुकलं आणि जमलं तर का जमलं, यातला धागा हातात येत नाही. गाडीचे ब्रेक पॅड बदलताना तो येतो. दहा, बारा आणि चौदा नंबरचे पाने, एक जॅक, दोन स्टँड, दोन तास. नीट बसवलं तर गाडी थांबते. नाही बसवलं तर थांबत नाही. यात कुणाचं मत घ्यावं लागत नाही.

आल्बर्ट बोर्गमान या तत्त्वज्ञाने १९८४ साली या अनुभवावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं उदाहरण शेकोटीचं आहे. घरात चूल-शेगडी होती तेव्हा ऊब मिळवायला लाकूड आणावं लागे, फोडावं लागे, कुणीतरी पहाटे उठून जाळ लावी. घरातली माणसं तिच्याभोवती जमत. सेंट्रल हीटिंग आलं आणि ऊब भिंतीतून नुसती येऊ लागली. वस्तूपासून तिचा उपयोग तेवढा वेगळा काढला, आणि त्याबरोबर कौशल्य, सोबत, लक्ष हे सगळं गळून पडलं.

वाचताना मान डोलवावीशी वाटते. मग मला आजी आठवते. आजीने तीस वर्षं चुलीवर स्वयंपाक केला. फुंकणीने फुंकून फुंकून तिचे डोळे कायमचे लाल झाले आणि छाती भरली. घरात गॅस आला त्या दिवसाबद्दल ती देव घरी आल्यासारखं बोलायची. चुलीवरच्या भाकरीचं कौतुक शहरातून आलेले पाहुणे करायचे. तिने स्वतः ते केलेलं मी कधी ऐकलं नाही. तेव्हा कष्टांचं सौंदर्य सांगणाऱ्याला एक प्रश्न विचारायलाच हवा. हे कष्ट तुम्ही निवडलेत की तुमच्यावर पडले?

माझे निवडलेले आहेत. मी कामाला ट्रेनने जातो. गाडी आठवडाभर बंद पडली तर माझं काही अडत नाही. याच वयाची गाडी घेऊन पहाटेच्या शिफ्टला पोचणाऱ्या माणसाला क्लचचा सिलिंडर गळणं रोमँटिक वाटत नाही, त्याचा त्या दिवसाचा पगार जातो. म्हणजे माझं प्रेम सुरक्षित जागी उभं आहे. हे मान्य केल्याने ते खोटं ठरत नाही, पण त्याची मर्यादा कळते. कष्ट चांगले असतात, असं मी म्हणू शकत नाही. एवढंच म्हणू शकतो की बहुतेक कष्ट यंत्रांवर सोपवण्याची सोय ज्याला मिळाली, त्याने कोणते स्वतःकडे ठेवायचे हे विचार करून ठरवावं. सगळेच सोपवले तर उरलेला वेळ स्क्रोल करण्यात जातो, हे आपण सगळे जाणतो.

स्वस्त असण्याचा इथे फार मोठा वाटा आहे. महागडी वस्तू वापरताना मन अर्धं तिच्या किमतीवर असतं. आपल्या घरांत चांगल्या कपबश्या पाहुण्यांसाठी वर ठेवलेल्या असतात आणि भारी पैठणी कपाटात डांबरगोळ्यांच्या वासात वय वाढवते. किमती गाड्यांचंही तसंच होतं, झाकून ठेवल्या जातात. किलोमीटर वाढले की भाव उतरतो, म्हणून चालवायच्या नाहीत. माझ्या गाडीच्या दारावर आधीच चार पोचे आहेत. पाचव्याची मला भीती नाही. ही निर्भयता प्रेमाची पूर्वअट आहे असं मला वाटू लागलंय. जे बिघडेल या धास्तीने आपण हाताळतच नाही, त्याची आपण फक्त राखण करतो.

दुसरा आक्षेप पेट्रोलचा, आणि तो जास्त जड आहे. रविवारी सकाळी स्कायलाइन बुलेव्हार्डच्या वळणांवरून कुठेच न पोचण्यासाठी मी इंधन जाळतो. गाडी हलकी आहे, वर्षाला फार चालत नाही, नवी गाडी बनवायला जे लोखंड आणि ऊर्जा लागली असती ती वाचली. हे सगळं खरं आहे. तरी बेरीज शून्य होत नाही. माझ्या आनंदाचा थोडा खर्च अशा लोकांच्या खात्यावर पडतो ज्यांनी ही गाडी कधी पाहिली नाही. मला यातून सुटका देणारं गणित सापडलेलं नाही. प्रेम असलं की माणूस असले हिशेब टाळायला शिकतो, म्हणून ते मांडून ठेवलेले बरे. निदान मग रविवार मोजून घेतले जातात.

आता सगळ्यात अवघड गाठ. मला या गाडीचे गुण आवडतात म्हणावं, तर २०१५ पासूनच्या नव्या मिआटात तेच गुण जास्त आहेत. ती जास्त सुरक्षित आहे, वेगवानही आहे, आणि पावसात गळत नाही. मग कुणी अदलाबदल करून देतो म्हणाला तर मी का थबकतो? आणि ‘हीच’ गाडी म्हणजे तरी कोणती? टप बदललेला, पाण्याचा पंप बदललेला, क्लच दोनदा बदललेला. उद्या इंजिनही बदलेल.

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. एखाद्या जुन्या प्रोजेक्टमध्ये पहिल्या दिवशी लिहिलेली एकही ओळ शिल्लक नसते, तरी आपण त्याला तोच प्रोजेक्ट म्हणतो, कारण प्रत्येक बदलाची नोंद आधीच्या नोंदीला जोडलेली असते. गाडीचं तसंच आहे. तिचे गुण दुसऱ्या गाडीत सापडतील. मात्र तिच्यावर घातलेलं लक्ष दुसरीकडे नेता येत नाही. जोडीदाराबद्दल किंवा मित्राबद्दलही हेच खरं असावं. आवडायला लागतो तो गुणांमुळे, पण पुढे गुणांची यादी मागे पडते आणि एकमेकांसाठी केलेल्या गोष्टींची नोंद उरते.

खंडेनवमीला मी गाडीला झेंडूचा हार घालतो. इथे झेंडू महाग मिळतो, तरी घालतो. आपल्याकडे या दिवशी सुतार करवतीला, शिंपी मशीनला, ड्रायव्हर गाडीला हळद-कुंकू लावतो. बैलाचं तर पोळ्याला स्वतंत्र कौतुक असतं. लहानपणी मला ही वस्तूंची पूजा वाटायची. आता वाटतं की हा कामातल्या भागीदाराचा मान आहे. ज्याच्याशिवाय माझा हात अपुरा आणि माझ्या हाताशिवाय जो निर्जीव, त्याचा. माझ्या फोनला मी हार घालत नाही. घालावासा वाटतही नाही, कारण माझ्याशिवाय त्याचं सगळं व्यवस्थित चालतं.

मी इथे वर्क व्हिसावर आहे. नोकरी गेली तर नवी शोधायला ६० दिवस मिळतात, नाहीतर परत. इतकी जुनी, स्टिअरिंग डावीकडे असलेली गाडी भारतात नेता येत नाही. म्हणजे मी अशा वस्तूत जीव गुंतवलाय जी माझ्याजवळ राहीलच याची खात्री नाही. मित्र म्हणतात, कशाला? त्यांना दाखवायला माझ्याकडे एक फाइल आहे. गाडीबरोबर मिळालेली. आधीच्या दोन मालकांच्या पावत्या, आणि पहिल्या मालकिणीच्या बारीक अक्षरातल्या ऑइल बदलल्याच्या नोंदी, तारीख आणि मैल यांसकट. त्या बाईंना मी कधी भेटलो नाही. पण त्यांनी वेळेवर बदललेल्या तेलावर माझे रविवार चालतात. टायमिंग बेल्ट दर साठ हजार मैलांनी बदलायचा असतो, आणि तो पुढच्या महिन्यात आहे. तो मी बदलेन आणि त्याच वहीत, त्यांच्या अक्षराखाली, मैल लिहीन. चौथ्या मालकाला लागेल.