मनूचा मासा आणि चौथा मजला

शतपथ ब्राह्मणात मनूच्या माशाची गोष्ट आहे. सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यातून मनूच्या ओंजळीत एक इवलासा मासा येतो आणि म्हणतो, की मला वाढव, मी तुला तारीन. पुढचा जलप्रलय, ती नाव, माशाच्या शिंगाला बांधलेला दोर हे सारे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. परंतु मधला एक संवाद आपण घाईघाईने ओलांडून जातो. वाढवू कसा, असे मनू विचारतो, तेव्हा मासा त्याला चक्क वेळापत्रकच सांगतो. लहानपणी आम्हांला मोठे मासे गिळतात, तेव्हा आधी मला कुंभात ठेव. कुंभ पुरेनासा झाला म्हणजे खड्डा खण. तोही पुरेनासा झाला म्हणजे समुद्रात नेऊन सोड. मनूने पहिल्या दिवशी मासा कुंभात घातला, तेव्हाच शेवटच्या दिवशीचा समुद्र त्याला माहीत होता.

आजच्या गृहस्थाची अडचण अशी, की त्याचा मासा बोलत नाही.

हे आठवायला कारण आमच्या डोंबिवलीतले एक स्नेही. रेल्वेच्या हिशेब खात्यातून गेल्याच वर्षी निवृत्त झाले आणि त्यांनी पाकट पाळण्याचा बेत केला. पाकट म्हटल्यावर ठाण्याच्या खाडीकाठी वाढलेल्या वाचकांच्या तोंडाला पाणी सुटेल. पण हा तो नव्हे. दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉन, ओरिनोको, पाराना या नद्यांच्या गोड्या पाण्यात राहणारा हा त्याचा दूरचा भाऊबंद. अंगाने ताटासारखा वाटोळा आणि चपटा, डोळे पाठीवर, तोंड पोटाखाली, आणि मुशीप्रमाणेच शरीरात हाड म्हणून नाही, नुसत्या कूर्चा. शेपटीवर विषारी काटा. अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देतो. त्यातली ब्राझीलच्या शिंगू नदीतली एक जात तर काळ्याभोर अंगावर पांढरे ठिपके घेऊन येते. ती वाळूवरून कडा हलवीत निघाली म्हणजे पाहणाऱ्याचे भान हरपते, आणि या मोहाला मी कमी लेखणार नाही. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हापासून आपल्याकडच्या किती पिढ्यांनी काचेला नाक लावून तो मोह चाखला असेल!

पण मत्स्यालयातून माणूस घरी परत येतो. घरात आणलेला मासा घरातच राहतो, आणि नीट राखला तर दहा-पंधरा वर्षे, कधी त्याहूनही अधिक. दुकानात तो बशीएवढा असतो. दुकानदार म्हणतो, आत्ता लहान टाकी चालेल, मोठी नंतर घ्या. या 'नंतर' शब्दाने जेवढे मासे मेले असतील तेवढे गळानेही मेले नसतील. बशी वाढत वाढत परातीएवढी होते, दीड-दोन फूट रुंद. त्याला पाण्याची उंची फारशी लागत नाही, जमीन लागते. डोंबिवलीकराप्रमाणे त्याचाही सारा प्रश्न चटई क्षेत्राचा.

आमच्या स्नेह्यांनी मासा आणण्याआधी एक वही आणली. आठ फूट लांब, चार फूट रुंद टाकी. दोन फूट पाणी. चौसष्ट घनफूट, म्हणजे सुमारे १,८०० लिटर. पाण्याचेच वजन १,८०० किलो. काच, वाळू, चौकट वेगळी. राहत्या घराच्या जमिनीने दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार पेलावा, असे आपले भारतीय मानक धरते. टाकीखालची जागा तीन चौरस मीटरही भरत नाही. म्हणजे ६०० किलोंच्या जागेवर त्याच्या तिप्पट, आणि तेही चौथ्या मजल्यावर! तुळई कुठून जाते, भिंतीलगत टाकी ठेवता येईल काय, हे इंजिनियर पाहून सांगेल. परंतु तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला विचारायचे की नाही, हे कोणताही इंजिनियर सांगणार नाही. २०१३ साली शिळफाट्याजवळ आणि २०१५ साली ठाकुर्लीत इमारती कोसळून माणसे गेली. त्या टापूत आपण राहतो.

'हिशेबी माणूस' ही आपल्याकडे शिवी आहे. प्रेम आणि हिशेब यांचे वाकडे, असे आपण कादंबऱ्यांतून लिहितो (मीही लिहिले आहे). पण ज्या जिवाला मागता येत नाही, त्याच्याविषयीचे प्रेम वहीत नाही तर कुठे उमटायचे? पाकट अमोनिया सोडतो. तो पचवणारे सूक्ष्म जंतू गाळणीत वाढायला महिना-दीड महिना लागतो, म्हणून टाकी आधी तितके दिवस रिकामीच चालवायची. वीज गेली तर पाण्यातला प्राणवायू घटतो; २६ जुलै २००५ च्या पुरानंतर कल्याण-डोंबिवलीत कित्येक ठिकाणी वीज दिवसचे दिवस नव्हती. हे सगळे मासा मनूला सांगतो तसे कोणी सांगणार नाही. त्याचे बोलणे आपणच बोलायचे, आणि आधी बोलायचे.

वहीत एक रकाना त्यांच्या सूनबाईंमुळे वाढला. आठवड्याला निम्मे पाणी बदलायचे असे वाचून दाखवताच त्या म्हणाल्या, "बाबा, मासा तुमचा आणि बादल्या माझ्या!" तेव्हापासून प्रत्येक कामापुढे 'कोणी करायचे' असे लिहिलेले आहे. दुसऱ्याच्या कष्टांवर दिलेले वचन हे वचनच नव्हे, असे माझे मत आहे. आपल्या घरांतली कितीतरी पुण्यकर्मे अशी बायकांच्या कमरेवर उभी आहेत.

निम्मे पाणी म्हणजे ९०० लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर साठ हंडे. भातसा आणि तानसा ही धरणे याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात. त्यांचे पाणी मुंबईला जाते, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट पाहत बसतात. मग माशाला साठ हंडे द्यावेत काय? येथे मला सोपे उत्तर सुचत नाही. आमच्या स्नेह्यांनी टाकी भरली नाही म्हणून शहापूरच्या पाड्यावर एक थेंबही जास्त जाणार नाही, हे खरे. पण तेवढ्याने साठ हंड्यांचा आकडा खोडला जात नाही. तो वहीत राहावा. निदान ते पाणी कुंड्यांना आणि संडासाला पुन्हा वापरावे, इतके तरी तो आकडा करवील.

कोणी म्हणेल, तुम्ही खाडीचा पाकट रश्शात घालता आणि या पाकटासाठी नीती काढता! खरे आहे, घालतो. खाल्लेल्या माशाशी माझे नाते जेवणाबरोबर संपते. पाळलेल्याशी ते रोज सकाळी नव्याने सुरू होते. आपल्या भूतयज्ञात कावळ्याला घास ठेवतात, मुंग्यांना साखर घालतात. मी विसरलो तर कावळा शेजारच्या गच्चीवर जातो; टाकीतल्या माशाला शेजार नाही.

आणि मनूच्या वेळापत्रकाची शेवटची पायरी? ती या माशापुरती तुटलेली आहे. पाकटाचे पूर्वज लक्षावधी वर्षांपूर्वी समुद्रातून नद्यांत शिरले आणि इतके नदीचे झाले, की रक्तात युरिया साठवून खारे पाणी सोसण्याची समुद्री पाकटाची शक्ती ते हरवून बसले. समुद्र त्यांना परका. उल्हास नदी किंवा मासुंदा तलाव त्यांचा नव्हेच; सिंगापूरच्या जलाशयांत सोडून दिलेल्या पाकटांनी तेथे आपली वस्ती केली आहे, तसे काही इकडे होऊ नये. आणि स्वगृही, त्या शिंगू नदीवर, बेलो मॉन्ते नावाचे अवाढव्य धरण उभे राहून २०१६ पासून चालू झाले आहे. २०२२ साली पनामात भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने शिंगूच्या ठिपकेवाल्या जातीसह गोड्या पाण्यातल्या काही पाकटांच्या व्यापारावर निर्बंध घातले. तेव्हा दुकानातल्या पिल्लाचा जन्म कुठला, त्याचे कागद कोणते, हाही एक रकाना झाला.

शेवटचा रकाना 'माझ्यानंतर' असा आहे. साठी ओलांडलेल्या माणसाने पंधरा वर्षांचा जीव घरी आणायचा, म्हणजे तो लिहावा लागतोच. मुलाचे नाव त्यांनी एकदा लिहिले आणि त्याला न विचारता लिहिले म्हणून खोडले. भाऊबीज झाल्यावर इंजिनियर येणार आहे. मधल्या काळात दुकानदाराचा दोनदा फोन येऊन गेला, की ठेवलेले पिल्लू झपाट्याने वाढते आहे, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, काय करू? "देऊन टाका," यांनी सांगितले, "पण त्यांची टाकी केवढी आहे, ते आधी विचारा."