दोन भाऊ आणि दोन घोरपडी

अमेरिकेत फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर केप कोरल नावाचं शहर आहे. शहरभर कालव्यांचं जाळं पसरलंय. सगळे कालवे मिळून सहाशे किलोमीटरहून जास्त भरतात. दारासमोर रस्ता आणि परसात पाणी, अशी तिथली घरं. २००६च्या सुमारास या शहरात दोन भाऊ शेजारी-शेजारी राहत होते.

धाकट्याने एके दिवशी दुकानात नाईल घोरपडीचं पिल्लू पाहिलं. मूळची आफ्रिकेची ही जात. जेमतेम वीतभर जीव, काळ्या कातडीवर पिवळ्या ठिपक्यांच्या रांगा आणि दुभंगलेली जीभ सारखी आत-बाहेर. त्याने तिथल्या तिथे पैसे मोजले, पिल्लू घरी आणलं आणि काचेच्या पेटीत ठेवलं.

थोरल्याने विचारलं, "हे केवढं होणार, किती वर्षं जगणार, आणि मोठं झालं की ठेवणार कुठे? दुकानदाराला विचारलंस का?"

"आत्तापासून कशाला? पुढचं पुढे बघू," धाकटा म्हणाला.

थोरल्यालाही या प्राण्यांची आवड होतीच. पण त्याने आधी माहिती काढली, घोरपडी पाळणाऱ्यांना भेटला. नाईल घोरपड पाच ते सात फूट वाढते. तेवढी जागा आपल्याकडे नाही हे त्याने स्वतःशी कबूल केलं. सव्हाना घोरपड ही दुसरी जात तीन-चार फुटांवर थांबते, पण ती दहा वर्षांहून जास्त जगू शकते. हिशेब बायकोला सांगितला. तिने होकार दिल्यावरच त्याने सुताराला बोलावलं.

आठ फूट लांब, चार फूट रुंद असा पिंजरा झाला. ही जात बिळात राहणारी, म्हणून तळाला दोन फूट ओलसर माती आणि वाळू भरली. एका टोकाला दिव्याखाली सपाट दगड ठेवला. दगडाचं तापमान पन्नास अंशांच्या वर जातंय ना, हे तो रोज मोजून बघायचा, कारण घोरपडीला अन्न पचवायला अंगात ऊब लागते. दुसऱ्या टोकाला गारवा आणि सावली. अतिनील किरणांचा दिवा लावला, सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टरही आधीच शोधून ठेवला.

मग त्याने राज्याच्या वन्यजीव आयोगाकडे दत्तक घेणारा म्हणून नाव नोंदवलं. ज्यांना आपला परदेशी प्राणी सांभाळणं झेपत नाही त्यांनी तो आणून द्यावा, दंड नाही की खटला नाही, अशी सोय आयोगाने तेव्हा नुकतीच सुरू केली होती. असा आणून दिलेला प्राणी तयारीच्या माणसाला मिळतो.

थोरल्याकडे आली ती सव्हाना घोरपड नुसत्या उंदरांवर पोसलेली होती. इतकी लठ्ठ की पोट जमिनीला घासायचं. त्याने तिला रातकिडे आणि झुरळं घालायला सुरुवात केली, वर कॅल्शियमची पूड भुरभुरून. सुरुवातीला ती फुत्कारायची, शेपटीचा फटका मारायची. त्याने तिला कधी बळेच धरलं नाही. रोज संध्याकाळी तो पिंजऱ्याच्या दारात हात मातीवर टेकवून नुसता बसायचा. काही महिन्यांनी ती आपणहून आली, जिभेने त्याची बोटं चाचपली आणि तिथेच पसरली. तरीही उठल्यावर साबणाने हात धुवायला तो विसरला नाही; या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात.

तिकडे धाकट्याच्या पेटीत घोरपड वाढत होती. दोन वर्षांत ती चार फुटांच्या वर गेली. तिला शेपूट सरळ करता येईना. पाण्यात डुंबणारा जीव परातभर पाण्यात बसून राही. ती चिडकी झाली. एकदा तिने चावा घेतला आणि धाकट्याच्या हाताला टाके पडले. मुलं त्या खोलीत जाईनात. शेवटी एका दुपारी त्याने तिला पोत्यात घातलं आणि कालव्याकाठी सोडून दिलं.

"मोकळं केलं बिचारीला," तो घरी येऊन म्हणाला.

गल्लीच्या टोकाला मोकळ्या जागेत घुबडांचं बीळ होतं. आपल्याकडच्या पिंगळ्याचेच हे जातभाई. फरक इतकाच की ते जमिनीतल्या बिळात अंडी घालतात. लोकांनी बिळाभोवती पांढऱ्या खुंट्या रोवल्या होत्या, घुबडाला बसायला लाकडी दांडी उभी केली होती. पुढच्या हंगामात ते बीळ उकरलेलं दिसलं, आत एक अंडं उरलं नव्हतं.

थोरला म्हणाला, "आफ्रिकेत ही मगरीचीसुद्धा अंडी उकरून खाते. तिचा दोष नाही, ती तिच्या स्वभावाने वागली. ती इथली नव्हती, तिला इथे तू आणलंस. तुला झेपत नव्हतं तर आयोगाकडे द्यायची होतीस. मी शेजारीच होतो, मला हाक मारायची होतीस."

धाकट्याला उत्तर सुचलं नाही. असं सोडून देणारा तो एकटा नव्हता. पाळीव म्हणून आणलेल्या नाईल घोरपडी १९९०च्या आसपासपासून केप कोरलमध्ये रानटी होऊन वाढत आहेत. त्यांना पकडायला सापळे लावावे लागतात, आणि पकडलेली घोरपड पुन्हा सोडत नाहीत, मारतात. जिला धाकट्याने मोकळीक म्हटलं, तिचा शेवट बहुतेक असाच होतो. २०२१ साली फ्लोरिडाने नाईल घोरपड प्रतिबंधित प्राण्यांच्या यादीतच टाकली.

आपल्याकडे तर हा प्रश्न कायद्यानेच सोडवला आहे. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती पकडणं किंवा घरात ठेवणं गुन्हा आहे आणि त्याला तीन ते सात वर्षांच्या कैदेची शिक्षा आहे. शेताच्या बांधावर घोरपड दिसली तर तिला जाऊ द्यावं, घरात शिरली तर वनखात्याला कळवावं. तिच्यावरचं आपलं प्रेम एवढ्यानेच सिद्ध होतं.

तात्पर्य : मुका जीव घरी आणण्याआधी त्याच्या साऱ्या आयुष्याचा हिशेब करा. तो पेलणार असेल तरच आणा. आणल्यावर पेलेनासा झाला तर जाणत्या हातात सोपवा, पण वाऱ्यावर सोडू नका.