पाटाचं पाणी, कड्याचे दगड

१८५५ च्या एप्रिलमध्ये चार्ल्स डार्विनने अमेरिकेतल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. मजकूर रुक्ष होता. अमेरिकेच्या उंच डोंगरांवर कोणती झाडं वाढतात आणि त्यांतली युरोपात कोणती सापडतात, याची माहिती त्याला हवी होती. ज्याला पत्र लिहिलं तो एसा ग्रे, हार्वर्डचा प्राध्यापक. दोघांची जेमतेम तोंडओळख होती. ग्रेने माहिती पाठवली, डार्विनने पुढचे दहा प्रश्न विचारले, आणि अटलांटिकच्या दोन काठांवर अशी पत्रापत्री सुरू झाली की ती पंचवीस वर्षं थांबली नाही.

ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती होता. देव आहे, त्याने हे जग हेतूने घडवलं आहे आणि झाडाच्या पानापानात तो हेतू दिसतो, याबद्दल त्याच्या मनात संशय नव्हता. डार्विनही एके काळी पाद्री होण्याच्या तयारीने केंब्रिजला शिकला होता. माळावर घड्याळ सापडलं तर ते घडवणारा कोणीतरी असलाच पाहिजे, मग डोळ्यासारखी रचना घडवणारा का नसावा, हा विल्यम पेलीचा युक्तिवाद त्याला तरुणपणी मनापासून पटलेला होता. पुढे तो विश्वास झिजत गेला. १८५१ मध्ये त्याची दहा वर्षांची मुलगी ॲनी आजारात गेली. त्यानंतर दयाळू विधात्याची कल्पना त्याला आणखी जड गेली असावी, असं मला वाटतं. त्याची बायको एमा मात्र श्रद्धाळूच राहिली. श्रद्धावंताशी एका छपराखाली प्रेमाने राहायची सवय त्याला घरातच झालेली होती.

५ सप्टेंबर १८५७ ला डार्विनने ग्रेला एक लांबलचक पत्र पाठवलं. जगापासून वीस वर्षं जपून ठेवलेला नैसर्गिक निवडीचा विचार त्यात थोडक्यात मांडलेला होता. इतक्या नाजूक गोष्टीसाठी त्याने एक आस्तिक माणूस निवडला. झाडांच्या प्रसाराबद्दल ग्रेइतकी खरी माहिती देणारा दुसरा कोणी नव्हता, हे एक कारण. दुसरं असं, की पुरावा आपल्या मताविरुद्ध गेला तरी ग्रे तो लपवत नसे, हे डार्विनला दोन वर्षांच्या पत्रांतून कळून चुकलं होतं. याच पत्रातला भाग पुढे १ जुलै १८५८ ला लंडनच्या लिनियन सोसायटीत, तोच विचार स्वतंत्रपणे सुचलेल्या वॉलेस या निसर्गअभ्यासकाच्या लेखासोबत वाचला गेला.

२४ नोव्हेंबर १८५९ ला डार्विनचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ बाहेर पडलं आणि हार्वर्डमध्येच वादाला तोंड फुटलं. तिथे लुई अगासिझ हा फार मोठा प्राणिशास्त्रज्ञ होता. त्याच्या मते प्रत्येक जीवजात ही विधात्याच्या मनातली स्वतंत्र कल्पना. ती जिथे आज दिसते तिथेच निर्माण झाली, तिला पूर्वज नाहीत. ग्रेने त्याला आधीच गाठलं होतं. जपानातली झाडं आणि अमेरिकेच्या पूर्व भागातली झाडं एकमेकांची सख्खी नातलग दिसतात, मधल्या पश्चिम अमेरिकेत मात्र त्यांतली कित्येक नाहीत. एके काळी उत्तरेकडे सलग पसरलेलं रान हिमयुगात दोन्हीकडे खाली सरकलं आणि तुटलं, असं मानलं तरच हे कोडं सुटतं, हे त्याने १८५९ च्या सुरुवातीलाच भर सभेत मांडलं होतं.

आता डार्विनच्या पुस्तकाचं परीक्षण लिहायची वेळ आली. श्रद्धेच्या बाजूने उभा राहून त्याने पुस्तक झोडपलं असतं तर बॉस्टनमध्ये कित्येकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. १८६० च्या मार्चमध्ये ग्रेने लिहिलं ते मुद्देसूद, पुस्तकाचं बळ आणि पुस्तकाच्या अडचणी दोन्ही दाखवणारं. मग त्याच वर्षी ‘अटलांटिक मंथली’त तीन लेख लिहून त्याने आपला खरा मुद्दा पुढे केला. ग्रह गुरुत्वाकर्षणाने फिरतात हे कळल्यावर देव नाहीसा झाला नाही, मग जीवजाती नैसर्गिक निवडीने घडल्या असं कळल्यावर तो का व्हावा? पिढ्यापिढ्यांत होणारे लहान लहान बदल विधात्याने हितकर दिशेने वळवले असतील, शेतकरी पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यात वळवतो तसे, असं त्याचं म्हणणं होतं. त्या काळी परदेशी लेखकाला अमेरिकेत कायद्याने एक पैसाही मिळत नसे. ग्रेने प्रकाशकाशी बोलून डार्विनला मानधनही मिळवून दिलं.

डार्विनला पाटाच्या पाण्याचा मुद्दा पटला नाही. मे १८६० मध्ये त्याने ग्रेला तसं मोकळेपणाने कळवलं. देवाविरुद्ध लिहायचा आपला हेतू नव्हता, पण जगात दुःख फार दिसतं, असं त्याचं म्हणणं. त्याने उदाहरण दिलं इक्न्यूमन माशीचं. ही माशी जिवंत सुरवंटाच्या अंगात अंडी घालते आणि तिची पिल्लं त्याला आतून खात मोठी होतात. आपल्या घराच्या भिंतीवर मातीचं मडकं लिंपणारी कुंभारीण माशी अळीला नांगी मारून आत कोंडते, तोही असलाच प्रकार. भल्या आणि सर्वशक्तिमान देवाने हे मुद्दाम योजलं, हे डार्विनला कबूल करवेना. आणि तरीही हे अवघं विश्व, त्यातलं माणसाचं मन, नुसत्या अंध शक्तीचं फळ आहे असं म्हणूनही त्याचं समाधान होईना. नियम योजलेले असतील, तपशील मात्र योगायोगावर सोडलेले असतील, अशा मुक्कामावर तो थबकला. हा विषय माणसाच्या बुद्धीला पेलणारा नाही, ज्याला जे मानता येईल त्याने ते मानावं, असं त्याने मित्राला लिहिलं.

आणि मग त्याने जे केलं ते मला या सगळ्या कथेत फार मोलाचं वाटतं. ग्रेचे ते तीन लेख त्याने पुस्तिकेच्या रूपात काढायला लावले, आणि खर्चाचा भार स्वतः उचलला. नैसर्गिक निवड आणि देवाच्या योजनेवरची श्रद्धा यांत विरोध नाही, असं सांगणारं तिचं लांबलचक नाव होतं. १८६१ मध्ये ती निघाली. डार्विनने ती ओळखीच्यांना आणि टीकाकारांना पाठवली, आणि आपल्या पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीत वाचकांना तिची शिफारसही केली. जो निष्कर्ष आपल्याला मान्य नाही तो मांडणारं लिखाण त्याने पदरमोड करून लोकांच्या हाती दिलं, कारण आपल्या सिद्धांताची इतकी नेमकी मांडणी दुसऱ्या कोणी केलेली नव्हती. काही जण याला धोरण म्हणतील. धर्माच्या नावाने होणारी ओरड या पुस्तिकेने थोडी शमेल, हा हिशेब त्यात होताच. पण निव्वळ हिशेबाची मैत्री पुढच्या कसोट्यांना टिकत नाही.

कसोट्या आल्याही. १८६१ च्या अखेरीस अमेरिकेच्या यादवी युद्धात इंग्लंड ओढलं जाण्याची वेळ आली. दोघेही गुलामगिरीचे कट्टर विरोधक, तरी देशाभिमानाने पत्रांत कडवटपणा उतरला. देवाच्या प्रश्नापेक्षा राजकारणानेच त्यांची मैत्री जास्त ताणली, असं ती पत्रं वाचताना जाणवतं. तेवढ्यात १८६२ च्या उन्हाळ्यात डार्विनचा बारा वर्षांचा मुलगा लिओनर्ड स्कार्लेट फीव्हरने अंथरुणाला खिळला. याच रोगाने डार्विनचं एक तान्हं मूल चार वर्षांपूर्वी नेलं होतं. लिओनर्डला टपाल तिकिटं जमवायचा नाद होता. ग्रे आपल्या पत्रांतून त्याच्यासाठी अमेरिकेची तिकिटं पाठवत असे. ती आल्यावर बरेच दिवस निपचित पडलेलं ते पोर कोपरावर रेलून उठलं, तिकिटं पाहिली आणि प्रोफेसर ग्रेंचे खूप खूप आभार माना, असं म्हणालं. बापाने ते जसंच्या तसं ग्रेला कळवलं. राजकारणावरचे मतभेद नंतरही होते, पण त्या घरात ग्रेचं नाव आता वेगळ्या सुरात घेतलं जात होतं.

त्याच वर्षी डार्विनचं ऑर्किडच्या फुलांवरचं पुस्तक आलं. ‘लेडीज स्लिपर’ नावाचं एक ऑर्किड आहे. त्याची एक पाकळी सपातेच्या पुढच्या भागासारखी पोकळ फुगलेली असते. कीटक बाहेर बसून मागच्या बारीक भोकातून सोंड आत घालत असावा, असा डार्विनचा अंदाज होता. ग्रेने अमेरिकेतली फुलं न्याहाळली आणि कळवलं, की असं नसावं. कीटक वरच्या मोठ्या तोंडातून आत उतरत असणार आणि मागच्या भोकातून बाहेर पडत असणार. डार्विनने एक छोटी मधमाशी पकडून फुलात सोडली. ती आल्या वाटेने वर चढू पाहायची, पण तोंडाची कड आत वळलेली असल्यामुळे घसरून पुन्हा तळाशी. शेवटी मागच्या अरुंद भोकातून अंग चोरत ती बाहेर आली, तेव्हा तिच्या पाठीवर चिकट पराग माखलेले होते. तिलाच पुन्हा आत सोडलं, पुन्हा तेच. मग त्याने फूल कापून पाहिलं. बाहेरच्या वाटेवर आधी कुक्षी लागते आणि मग परागकोश, त्यामुळे मागच्या खेपेचे पराग कुक्षीवर लागलेले होते. ग्रेचं म्हणणं खरं ठरलं, आणि डार्विनने ते ग्रेच्या नावानिशी छापलं.

या फुलाकडे पाहून ग्रेला योजनाकाराचा हात दिसे. डार्विनला त्यात जुन्या अवयवांची हळूहळू होत गेलेली जुळवाजुळव दिसे. पण मधमाशी कुठून आत जाते आणि कुठून बाहेर येते, यावर दोघांना भांडावं लागलं नाही. ते फुलालाच विचारता आलं. आज ‘इंटेलिजंट डिझाइन’च्या, म्हणजे सजीवांमागे बुद्धिमान योजनाकार मानण्याच्या, नावाने जे वाद होतात त्यांत ही साधी गोष्ट हरवते आणि माझा जीव तुटतो. देव आहे की नाही हे ठरेपर्यंत फुलाकडे कोणी वळतच नाही.

आता १८६८ चा जानेवारी. पाळीव प्राणी आणि लागवडीच्या झाडांवरचा डार्विनचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. अगदी शेवटच्या पानांवर त्याने ग्रेला जाहीर उत्तर दिलं. समजा, एका कड्याखाली कोसळलेले दगड पडले आहेत. गवंडी त्यांतले निवडून घर बांधतो. पाचरीसारखे कमानीला, लांबट चौकटीवर, चपटे छपराला. दगडांना तो आकार का आला, याला खडकाचे थर, चिरा, वादळ, भूकंप अशी कारणं आहेत. पण अमक्या गवंड्याला अमकं घर बांधता यावं म्हणून विधात्याने दगड तसे फोडले, असं कोणी म्हणेल का? कबुतरांच्या शौकिनाला विचित्र शेपटीची जात काढता यावी म्हणून देवाने पिसं बदलली का? बैलाशी झुंजवायच्या कुत्र्याचा जबडा त्याने त्यासाठीच घडवला का? आणि इथे नाही म्हणायचं, तर रानातल्या बदलांबाबत तरी हो कशाच्या आधारावर म्हणायचं? प्रोफेसर एसा ग्रे यांच्यामागे इच्छा असूनही जाता येत नाही, असं नाव घेऊन त्याने लिहिलं. शेवटी मात्र त्याने हेही कबूल केलं, की सर्वज्ञ देव मानला तर दैव आणि स्वेच्छा यांच्यासारखंच न सुटणारं कोडं समोर उभं राहतं.

तेरा वर्षांची काय, पन्नास वर्षांची मैत्रीसुद्धा जाहीर खंडनाने तुटते. ग्रेने काय केलं? त्याने पत्र लिहून सांगितलं, की दगडांच्या घराचा मुद्दा मुळातून खोडता येत नाही. योजनेवरचा विश्वास अखेर बराचसा श्रद्धेवरच उभा असतो. मांडणीत एक फट सापडली, तिथे एक बार टाकून आपण धुराआड पळालो, असंही त्याने हसत कळवलं. श्रद्धा त्याने सोडली नाही. श्रद्धेला पुरावा म्हणून पुढे करायचं तेवढं सोडलं. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत तो बायकोला घेऊन इंग्लंडला आला आणि डाउन गावी डार्विनच्या घरी पाहुणा म्हणून राहिला.

पुढेही ग्रे गप्प बसला नाही. १८७४ मध्ये त्याने लिहिलं, की डार्विनने सजीवांच्या अभ्यासात हेतूचा विचार परत आणला. डार्विनने त्यावर खूश होऊन पत्र पाठवलं. १८७६ मध्ये ग्रेने आपले या विषयावरचे लेख ‘डार्विनियाना’ नावाने एकत्र केले, शेवटी योजनेच्या बाजूने एक नवं प्रकरण जोडलं, आणि प्रस्तावनेत स्वतःची ओळख करून दिली: शास्त्रापुरता आपल्या परीने डार्विनवादी, श्रद्धेने पक्का ख्रिस्ती. पुढच्याच वर्षी, १८७७ मध्ये, एकाच जातीच्या झाडांवर येणाऱ्या वेगवेगळ्या फुलांबद्दल डार्विनचं पुस्तक निघालं आणि ते त्याने ग्रेला अर्पण केलं. त्यातल्या बऱ्याच अमेरिकी झाडांची माहिती ग्रेनेच पुरवलेली होती.