न पुसण्याचा पगार

घाटकोपरच्या कुठल्याही सोसायटीत पहाटे पाच-साडेपाचला गाड्या पुसणारा माणूस येतो. एक बादली, दोन फडकी आणि ओळीने उभ्या पंधरा-वीस गाड्या. सहाव्या-सातव्या गाडीपर्यंत बादलीतले पाणी काळपट होते आणि फडक्याच्या घडीत आधीच्या गाड्यांवरची धूळ बसलेली असते. ही धूळ नुसती मातीची नाही. लालबहादूर शास्त्री मार्गावर वडाळा-कासारवडवली मेट्रोचे खांब उभे राहताना उडालेली सिमेंटची बारीक भुकटीही तिच्यात आहे. जुन्या, पक्क्या रंगावर असे फडके फिरले तर फारसे काही कळत नाही. डेंटिंग-पेंटिंग करून परवाच आणलेल्या गाडीवर मात्र त्याच हाताचे गोल गोल ओरखडे उमटतात आणि उन्हात जन्मभर दिसतात. अशा गाडीची काळजी कशी घ्यायची, असे कुशल रंगाऱ्याला विचारले तर त्याचे बहुतेक उत्तर नकारात येते: पुसू नका, पॉलिश करू नका, कव्हर घालू नका, झाडाखाली लावू नका. सारी काळजी अशी ‘नको’ने भरलेली असेल तर काळजी घेणारा काही करतो आहे की नाही? न करणे हेही कर्म ठरते का? माझ्या मते ठरते, आणि हे एकदा मान्य केले की त्याची किंमतही मोजावी लागते.

आधी त्या रंगाचे काय चालले आहे ते पाहू. कारखान्यात नव्या गाडीचा सांगाडा उघडा असतो, त्यात ना रबर, ना वायर, ना गाद्या. म्हणून त्याच्यावरचा रंग सुमारे १४० अंश उष्णतेच्या भट्टीत भाजून काढता येतो आणि शोरूममधून गाडी बाहेर पडते ती पक्का रंग घेऊनच. अपघातानंतर पुन्हा रंगवलेल्या गाडीला तेवढी आच देता येत नाही. चांगल्या गॅरेजच्या बूथमध्ये तिला साधारण ६० अंशांवर अर्धा-पाऊण तास मिळतो, गल्लीतल्या गॅरेजमध्ये तेवढेही नाही. वरच्या लॅकरमध्ये मिसळलेला हार्डनर त्याच्या कणांशी हळूहळू सांधे जुळवत जाळे विणतो, आणि तळात अडकलेला थिनर त्याच जाळ्यातून वाट काढत बाहेर पडतो. वरचा थर काही तासांत सुकतो, बोटाला चिकटत नाही, म्हणून ‘वाळला’ असे आपण म्हणून टाकतो. आतले काम त्यापुढेही कित्येक दिवस, थंड-दमट हवेत कित्येक आठवडे चालू असते. म्हणूनच मेणाचे पॉलिश महिना ते तीन महिने नको असे सांगतात, कारण ते बाहेर निघणाऱ्या वाफेच्या वाटा बुजवते. ताडपत्रीसारखे कव्हर तर वाफ आणि ओल दोन्ही कोंडते. या सगळ्यात मालकाला करण्यासारखे काहीच नाही. तो एकही सांधा स्वतः जुळवू शकत नाही. मोडू मात्र शकतो.

वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांपुढे अगदी असाच पेच होता. गुरूकडचे अध्ययन पुरे केलेल्या स्नातकाने पाळायच्या व्रतांत उगवता आणि मावळता सूर्य पाहू नये असे एक वचन येते. वरवर हा साधा निषेध आहे. पण त्याच्या आरंभी ‘हे त्याचे व्रत’ असे म्हटलेले आहे, आणि व्रत म्हणजे काहीतरी आचरायची गोष्ट. नुसते न पाहणे कसे आचरणार? आंधळाही पाहत नाही, झोपलेलाही पाहत नाही, मग ते दोघे व्रतस्थ म्हणायचे का? मीमांसकांनी उत्तर दिले की इथे विधान आहे ते न पाहण्याच्या संकल्पाचे. डोळे उघडे आहेत, सूर्य समोर आहे, पाहायची ओढ आहे आणि तरी नजर वळवण्याचा निश्चय आहे. तो निश्चय हे कृत्य. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा काथ्याकूट अनेकांना शुष्क वाटतो. मला तो आचरणाच्या फार जवळचा वाटतो, कारण संयम आणि नुसता अभाव यांतली रेघ इतकी नेमकी क्वचितच कुणी ओढली असेल.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. आळशी माणूसही गाडी पुसत नाही, त्याच्याही गाडीचा रंग पिकतोच. मग संकल्पाने वेगळे काय साधले? उत्तर कबुतराच्या विष्ठेत आहे, आणि घाटकोपरला कबुतरांचा तोटा नाही. कोवळ्या लॅकरवर पडलेली विष्ठा उन्हात तापली की काही तासांत खाली व्रण करते. आळशी माणूस ओरखडे टाळतो, पण ती विष्ठा तशीच ठेवतो. व्रत घेतलेला माणूस पुसत नाही, पण दिवसातून दोनदा गाडीभोवती फेरी मारतो, डाग दिसताच भरपूर साधे पाणी ओततो, तो मऊ होऊन वाहून जाईपर्यंत थांबतो, आणि नख लावण्याचा मोह आवरतो. धुळे तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दिलेली आणि साने गुरुजींनी टिपलेली ‘गीता प्रवचने’ मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. त्यांत विनोबा विकर्म या शब्दाचा अर्थ बाहेरच्या कर्माला मिळालेली मनाची साथ असा लावतात. हाताच्या कामात मन ओतले की कामाचा भार उरत नाही, असा त्यांचा रोख. इथे उलट बाजू दिसते: हात थांबलेला आहे आणि मन पूर्ण कामावर आहे. ती साथ काढून घ्या, उरेल तो आळस.

दुसरा आक्षेप असा की पत्र्याच्या डब्यासाठी एवढे अध्यात्म कशाला. वस्तूची आसक्ती वाढवायची आणि तिला व्रताचे नाव द्यायचे, हे ढोंग नव्हे का? हा आक्षेप मी हलका मानत नाही. घाटकोपरमध्ये जैन वस्ती मोठी आहे आणि या प्रश्नावर जैन विचारात एक चपखल दृष्टान्त सापडतो. क्रोध, मान, माया, लोभ या कषायांनी आत्मा ओला असेल तर कर्माची धूळ त्याला चिकटून राहते. कषाय नसेल तर कोरड्या भिंतीवरची धूळ गळून पडावी तशी ती गळते. म्हणजे चिकटतो तो आपला ओलावा. गाडीला सारखा हात लावणारा, दर तासाला चमक बघणारा, शेजाऱ्याला बोलावून दाखवणारा माणूस आसक्त आहे हे खरे. पण तोच माणूस हात आवरू शकत नाही. सहा आठवडे पॉलिशविना, धुळकट दिसणारी गाडी चारचौघांत वापरायची तर मानाचा कषाय थोडा तरी सुकावा लागतो. इथे आसक्तीच काळजीच्या आड येते.

खरी कसोटी दसऱ्याला लागते. गणपती-नवरात्राच्या आगेमागे रंगकाम उरकून घ्यायची पद्धत आहे, शिवाय पावसाळ्याची दमट हवा ताज्या रंगावर पांढुरकी झाक आणते, म्हणूनही लोक पाऊस ओसरायची वाट पाहतात. मग नेमकी कोवळ्या रंगाची गाडी पूजेला उभी राहते. बॉनेटवर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक, हळदीची बोटे, वर झेंडूची माळ सेलोटेपने चिकटवलेली. हळदी-कुंकवाचा डाग मुरतो, टेप काढताना लॅकर उचकटते, आणि माळेचा दोरा वाऱ्याने दिवसभर तिथेच घासत राहतो. आजी म्हणते, कुंकू नाही लावले तर पूजा कसली? तिच्या प्रश्नाला रसायनशास्त्र सांगणे हे उत्तर नव्हे. उत्तर परंपरेतच आहे: मानसपूजेत सारे उपचार मनाने वाहतात आणि ती पूजा कमी प्रतीची मानत नाहीत. शिवाय काच आहे, चाक आहे. कुंकवाचे बोट काचेवर टेकवता येते, नारळ चाकापुढे फुटतो, माळ बंपरखालच्या जाळीला बांधता येते. ज्या वस्तूमुळे पोट चालते तिचा मान राखणे हा या सणाचा गाभा असेल तर तिला इजा होऊ न देणे त्या मानातच येते.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: थांबणे ज्याला परवडते त्याने थांबावे. टॅक्सी चालवणाऱ्याने काय करायचे? त्याला सांगायला हवे की हे व्रत गाडी उभी ठेवण्याचे नाही. गॅरेजवाल्याने गाडी हाती दिली की ती चालवायला हरकत नसते, नको असते ते घासणे. पण आक्षेपाचे टोक तेवढ्याने बोथट होत नाही, कारण घासणारा हात बहुतेक वेळा मालकाचा नसतोच. तो पहाटेच्या त्या माणसाचा असतो. मालक संकल्प करतो आणि निषेध पाळायचा दुसऱ्याने. ‘महिनाभर माझी गाडी सोड’ असे त्याला सांगितले जाते आणि महिन्याच्या शेवटी त्या गाडीचे पैसे कापले जातात, कारण ‘काम झाले नाही’. न करणे हे कर्म आहे असे जो मानतो त्याला हे कापता येणार नाही. रोज पहाटे सवयीने पुढे झालेला हात एका गाडीपाशी आखडायचा, ओळीतली तेवढी एकच लक्षात ठेवायची, तिच्यावर कबुतराची घाण दिसली तर फडके न लावता नुसते पाणी ओतायचे आणि वर मालकाला कळवायचे, हे सारे त्याच्याकडून होते. त्या महिन्याचा पगार त्याला पूर्ण द्यायचा, आणि शक्यतो सांगतानाच हातात ठेवायचा.