पांगळ्या पिलाचा घास

राका कुंभाराची कथा वारकऱ्यांस नव्याने सांगावयास नको. महिपतींनी ती 'भक्तविजया'त गाइली आहे. मांजरीने कच्च्या मडक्यात पिले ठेविली, ती आत आहेत हे न कळता आवा पेटला, मांजरी आक्रोश करीत भोवती फिरू लागली तेव्हा सारा प्रकार ध्यानी आला. मग राकाने पांडुरंगाचा धावा केला, पिले वाचली तर संसारावर पाणी सोडीन असे बोलला, आणि आवा निवाल्यावर पिले सुखरूप निघाली. हा प्रसंग आला की मृदंग चढतो, टाळ वाजतात, बायाबापड्यांचे डोळे भरून येतात, आणि कथा तेथे संपते.

पण सज्जनहो, त्यांतले एखादे पिलू डोळे गमावून निघाले असते तर? ते राकाने घरी नेले असते की 'एवढे तरी वाचले' म्हणून उरलेल्यांवर समाधान मानले असते? चमत्कार पुरा झाला म्हणजे माणसाला करण्यासारखे काही उरत नाही. आमच्या चांद्या-गडचिरोलीकडे बाजाराच्या ओट्याखाली, उकिरड्यावर, पोत्यात घालून वैनगंगेच्या काठी टाकलेली जी पिले सापडतात, त्यांचा चमत्कार अर्धाच झालेला असतो. कोणाचे डोळे चिकटून फुटलेले, कोणाचा मागचा पाय मोडलेला, कोणाची मान अशी थरथरते की दुधाच्या थाळीत तोंड जाण्याऐवजी कपाळ जाते.

पाठशाळेत आम्हांस दोन न्याय शिकविले गेले. वानराचे पोर आईला आपण होऊन घट्ट धरते, तो मर्कटकिशोरन्याय. मांजरीचे पोर काहीच धरीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते, तो मार्जारकिशोरन्याय. दक्षिणेतील वैष्णवांनी यावर मोठा वाद केला, की भक्ताने देवाला धरावे की देवाने भक्ताला उचलावे. दोन्ही न्याय सुंदर आहेत. मात्र मांजरी दुबळे पिलू पुष्कळदा मागे टाकून जाते, हे कोणत्याही पोथीत आम्ही वाचले नाही. ते घरोघरच्या बाया जाणतात.

आणि वानराचे पोर तरी काय? बाबा आमटे यांनी १९७३ साली भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे माडिया लोकांची सेवा करीत राहिले. एकदा काही माडिया मेलेली वानरी शिकार करून नेत होते, आणि तिच्या छातीशी जिवंत पिलू बिलगलेले डॉक्टरांना दिसले. पकड घट्ट होती, पण जिला धरले होते ती गेली होती. डॉक्टरांनी ते पिलू मागून घेतले. पुढे तेथे बिबटे, अस्वले, तरस, हरणे अशा पोरक्या जीवांचा परिवारच जमला. आम्हांस त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्यांनी माडिया माणसाला निर्दय म्हटले नाही. तो भुकेपोटी मारतो हे ओळखले, त्याच्या भुकेची काळजी आधी केली, आणि मग पिलू मागितले. आणि दुसरी गोष्ट अशी, की बिबट्याचे पोर वाढवायचे तर त्याला मांस घालावेच लागते. दयेच्या ताटात ते वाढले जाते, याकडे डोळेझाक करून चालत नाही.

याच ठिकाणी आमच्या एका माळकरी बाईची अडचण येऊन ठेपते.

चामोर्शीकडच्या एका गावी कीर्तनानंतर ती पिलू पदरात घेऊन आली. मानेला कंप असलेले ते पिलू तीन पावले टाकी आणि कलंडे. ही व्याधी कशी होते ते पशुवैद्य सांगतात. मांजरी गाभण असता तिला एक विशिष्ट साथीचा रोग झाला तर पोटातल्या पिलाचा लहान मेंदू नीट वाढत नाही. मग तोल राहत नाही. हा कंप बरा होत नाही, पण वाढतही नाही, दुखतही नाही. व्यंग निराळे आणि वेदना निराळी. पाहणारा दोन्ही एकच समजतो आणि 'सुटेल बिचारे' म्हणतो. पिलाला आपण बिचारे आहोत हे ठाऊकच नसते. कलंडले की उठते आणि पुन्हा खेळायला धावते. जेथे खरी वेदना आहे आणि उपाय नाही, तेथे आम्ही शास्त्रार्थ करीत बसणार नाही, पशुवैद्याचे ऐकावे. पण कलंडणे म्हणजे वेदना नव्हे.

तिने पुष्कळ केले होते. गार पडलेल्या पिलाला आधी ऊब द्यावी, मग पाजावे. पाजताना ते पालथे धरावे, तान्ह्या पोरासारखे उताणे नव्हे, नाहीतर दूध छातीत जाते. गाईचे दूध त्याला मानवत नाही, ढाळ लागतो. डोळे न उघडलेल्या पिलाला पाजल्यावर कोमट ओल्या फडक्याने पुसावे, त्याशिवाय त्याला मूत्र होत नाही. हे सारे तिने दवाखान्यात विचारून केले. ओरखडा निघाला तेव्हा साबणाने पंधरा मिनिटे धुऊन सुईही टोचून घेतली. आता पिलू दोन महिन्यांचे झाले होते, आणि तिचा प्रश्न असा होता:

"महाराज, माह्या गळ्यात माळ हाये. या पिल्याले मासोळी चारू का नोको?"

प्रश्न हसण्यासारखा नाही. मांजराला काही द्रव्ये मांसातूनच मिळतात. त्यांपैकी टॉरिन नावाचे द्रव्य त्याला आपल्या देहात पुरेसे बनविता येत नाही. ते न मिळाल्यास दृष्टी जाते, हृदय दुबळे होते. निव्वळ दूधभातावर ते हळूहळू मरते. धडधाकट मांजर धानाच्या कणगीमागे उंदीर धरते, चिमणी धरते, आणि माळकऱ्याच्या घरी मात्र आपण त्याला दूधभात घालतो अशी समजूत असते. मारणे त्याच्याकडे, पुण्य आपल्याकडे! पांगळे पिलू ही सोय मोडते. त्याला मारता येत नाही, म्हणून कोणीतरी त्याच्यासाठी घास आणला पाहिजे, आणि तो हाताने भरविला पाहिजे.

आम्ही सांगितले, माय, घाल. माळ तुझ्या गळ्यात आहे, पिलाच्या गळ्यात नाही. त्याला न विचारता त्याच्यावर व्रत लादणे हाही एक जुलूमच. मात्र दोष लागत नाही असे आम्ही म्हटले नाही. मासोळी तळ्यात जिवंत होती. महाभारतातल्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला हेच सांगतो. तो मांस विकतो, आपले कर्म घोर आहे हे नाकारीत नाही, आणि नांगराच्या फाळाखाली किती जीव जातात तेही दाखवितो. त्याचा आधार घेऊन हिंसा निर्दोष ठरविणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी ती कथा अर्धीच वाचली आहे. आणि सजन कसायाच्या दुकानी प्रत्यक्ष देव बसला, ही आपल्या संतांची कथा आहे. देवाने सोवळे राखले असते तर सजन एकटा पडला असता. दोष आपल्या पदरी घेऊन घास भरविणे जमत असेल तर भरवावा. न जमेल त्याने ते पिलू मांसाहारी शेजाऱ्याकडे द्यावे, त्यातही कमीपणा नाही. पण सोवळे राखण्यासाठी त्याला दूधभातावर झिजवून मग 'त्याचे प्रारब्ध' म्हणू नये.

प्रारब्ध हा शब्द आम्ही कीर्तनात रोज उच्चारतो, म्हणून त्याचा गैरवापर आम्हांस अधिक बोचतो. तो स्वतःचे दुःख सोसण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखाला तो लावला की ते दुःख आपल्यापुरते संपते, त्याचे संपत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. ज्या जिल्ह्यांत मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला गेलेली माणसे वाघाच्या तोंडी जातात, जेथे अंगणवाडीतली मुले वजनाने उणी भरतात, तेथे पांगळ्या मांजराचे कौतुक कशाला? वरोऱ्याच्या आनंदवनाचा दाखला देऊनही हे विचारतात, की तेथे महारोग्यांना व अपंगांना कामाला लावून माणसात आणले. हे पिलू कोणते काम करणार? काहीच नाही. उंदीरसुद्धा धरणार नाही. आम्ही उलट विचारतो, पोरांच्या तोंडचा घास त्या बाईने काढला होता काय? नव्हता. ज्यांनी हा आक्षेप आमच्यापाशी घेतला, त्यांच्या हातून अंगणवाडीत खाऊ गेल्याचेही आमच्या पाहण्यात नाही. मात्र घरातले लेकरू अर्धपोटी असेल तर आधी लेकरू. त्याविषयी दुमत नको.

एक इशारा राहिला. धानाच्या बांध्यांत सापडणारी पिले रानमांजराची, क्वचित बिबट्याचीही असतात. आई जवळपास असते. तेथे दया आवरावी, हात लावू नये, वनखात्यास कळवावे.

ती बाई उठताना पुन्हा थांबली. "आन् एकादशीले?"

पिलाला एकादशी नाही, आम्ही म्हणालो. तर ती म्हणाली, दशमीचीच उरलेली चालेल का, म्हणजे त्या दिवशी चुलीवर शिजवायला नको. आम्ही सांगितले, शिळी घालू नये, पोट बिघडते. अंगणात वेगळी चूल मांड, उकडून काटे काढ, आणि थाळी उथळ घे.