गेस्ट लिस्टमध्ये नाव टाक ना!

पुण्यातल्या एखाद्या कॅफेत टेबलं बाजूला सारून पन्नासेक खुर्च्या मांडतात. स्थानिक बँड आणि स्वतःची गाणी लिहून गाणारी मुलं-मुली तिथे आपली नवी गाणी वाजवतात. तिकीट एका पिझ्झाएवढं. तरी पोस्टर पडलं रे पडलं की गायकाला पहिला मेसेज ठरलेला: ‘गेस्ट लिस्टमध्ये नाव टाक ना!’ नाटकाच्या पासाचीच ही नवी आवृत्ती.

मैत्रीत कसला हिशोब, असं आपण म्हणतो. पण हिशोब असतोच, फक्त तो गायकाच्या नावावर चढतो. साउंडवाला आणि सरावाच्या खोलीचं भाडं मैत्रीत सुटत नाही. ऑनलाइन कमाई म्हणाल, तर २०२४पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळाही न वाजलेल्या गाण्याला रॉयल्टीच नाही.

मला मात्र पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट टोचते. फुकट आत गेलेल्याला कौतुक करावंच लागतं. ‘भारी झालं रे!’ ही मग दाद उरत नाही, पासाची परतफेड होते. तिकीट काढलं की मी मोकळी. दुसऱ्या कडव्यात शब्द ढिले पडले, हे मी सांगू शकते. आणि आवडलं म्हटलं, तर त्याला ते खरं वाटतं.

खिसा रिकामा असेल तर तसं सांगून पास मागावा, त्यात लाज नाही. पण परवडत असताना मागणारा मित्राचे पैसे तर बुडवतोच, शिवाय त्याचा एक प्रामाणिक श्रोताही कमी करतो. हितचिंतक काय, त्याच्या घरी आहेतच.