लादलेले पाप आणि आपले पाप

एकोणिसाव्या शतकात तरुण नवरा मेला की त्याचे कारण बायकोच्या पूर्वजन्मात शोधत. माणूस पटकीने जावो की तापाने, पाप तिचे. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ या पुस्तकात हा हिशेब चव्हाट्यावर मांडला. त्यांना तो नुसता ऐकून माहीत नव्हता. त्यांचे पती बिपिनबिहारी मेधावी लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पटकीने गेले, तेव्हा मुलगी मनोरमा तान्ही होती.

जिच्या माथी न केलेले पाप मारले गेले, त्याच बाईने पुढे ख्रिस्ती झाल्यावर ‘मी पापी आहे’ असे आपणहून म्हणावे, याचे कोडे पडते. पडायलाच हवे. मिशनऱ्यांनी डोक्यावरचे एक ओझे उतरवून दुसरे ठेवले, असे म्हणून मोकळे होता येते. पण सनावळी पाहिली की हा निकाल टिकत नाही.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजला झाला. त्या दिवसांत त्यांच्या मनाला भिडली ती लंडनच्या फुलहॅम भागातल्या ख्रिस्ती भगिनींची सेवा. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे जवळ केले जात होते. त्याच सुमारास योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांनी ऐकली. म्हणजे ख्रिस्ताकडे त्या आल्या त्या करुणेच्या वाटेने. पापाच्या भीतीने त्यांना तिथवर आणले नव्हते. बुद्धीही त्यांनी गहाण टाकली नव्हती: त्रैक्याच्या सिद्धांतावरून गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांनी पत्रांतून असा वाद घातला की वाँटेजची मंडळी हैराण झाली.

आणि मग १८९१ च्या सुमारास, विधवांसाठी काढलेले त्यांचे शारदा सदन पुण्यात चालू असताना, त्यांनी हॅस्लम नावाच्या धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचले. हा कॉर्नवॉलचा पाद्री १८५१ साली व्यासपीठावर उभा राहून उपदेश करता करता स्वतःच्याच उपदेशाने पालटला. (उपदेशकांच्या बाबतीत असे सहसा घडत नाही.) ते वाचून रमाबाईंना जे उमगले, ते त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत सांगितले आहे: आपण ख्रिस्ती धर्म पत्करला, पण तो धर्म ज्याचा आहे, तो आपल्याला भेटलाच नाही. आपण पापी आहोत हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी सुचले, तेही चाळीस कामांत गढलेल्या, नावलौकिक मिळवलेल्या बाईला. त्यांच्याकडे कुणी बोट दाखवले नव्हते.

धर्म पत्करूनही असे का वाटावे, हे समजायला पौलाचे रोमकरांस पत्र उघडावे लागते. त्याच्या सातव्या अध्यायातला माणूस धर्मशास्त्र जाणतो, ते चांगले आहे हे मानतो, आणि तरी जे करायचे नाही तेच करून बसतो. पौल नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या परूशी पंथाचा यहुदी होता. मनातल्या वाईट ओढीशी झगडणे त्याच्या लोकांना नवे नव्हते. तालमुद या यहुदी ग्रंथात एक मजेदार कथा आहे. बाबेलहून परतलेल्यांनी देवाकडे मागून वासनेला पकडले आणि तीन दिवस कोंडून ठेवले. मग साऱ्या देशात शोधूनही ताजे अंडे मिळेना! जग थांबेल म्हणून तिला मारता येईना. शेवटी डोळे फोडून सोडून दिले. रब्बींची शहाणीव अशी की ही ओढ मरत नाही, ती नियमशास्त्राने ताब्यात ठेवायची. पौलाचे दुखणे त्यापलीकडचे होते: ताब्यात ठेवणाराच दुभंगलेला असेल तर काय? त्याला ‘कसे सुटू’ हा प्रश्न पुरेना. ‘मला कोण सोडवील’ असे तो विचारतो, आणि उत्तरात मशीहाचे नाव घेतो.

स्वीडिश अभ्यासक क्रिस्टर स्टेंडाल यांनी १९६३ साली आक्षेप घेतला की पौलाचे अंतःकरण इतके छळलेले नव्हतेच. ऑगस्टीन-लूथरची तगमग पश्चिमेने त्याच्यावर चढवली. आक्षेप वजनदार आहे. फिलिप्पैकरांना लिहिताना पौल नियमशास्त्राच्या दृष्टीने स्वतःला निर्दोषच म्हणतो. मला मात्र सातव्या अध्यायाचा शेवट जास्त बोलका वाटतो. सुटकेबद्दल आभार मानून होतात न होतात, तोच पौल पुन्हा मन आणि देह यांची ओढाताण सांगतो. व्यासपीठावरून साक्ष देणारे हे वाक्य बहुधा गाळतात. झुंज चालूच राहते. आठव्या अध्यायात उठते ती दोषाची शिक्षा.

लादलेल्या पापाशी याची तुलना करून पाहावी. विधवेला तिचा गुन्हा ठाऊक नसे, न्याय करणारे सासर-माहेर आणि भटजी, आणि प्रायश्चित्त जन्मभराचे: केशवपन, उपास, एकवेळ जेवण. तिथे कबुली नव्हती, म्हणून क्षमाही नव्हती. रमाबाईंनी १८९१ मध्ये जे मान्य केले ते त्यांचे त्यांना ठाऊक होते, आणि ते एकदा मांडल्यावर उतरत होते.

तरी जून १९०५ च्या केडगावपाशी मी अडखळतो. तिथल्या रमाबाईंच्या मुक्ती सदनात प्रार्थनेच्या वेळी मुली पापांसाठी मोठमोठ्याने रडू लागल्या. यांतल्या कितीतरी मध्य प्रांतातल्या आणि गुजरातेतल्या दुष्काळातून आणलेल्या. भुकेने आणि माणसांनी नाडलेल्या. त्यांच्या अपराध्यांपैकी कुणी रडल्याची नोंद नाही. पश्चात्तापाचा पहिला मान अन्याय झालेल्याकडेच का जावा, हा प्रश्न या ‘पुनर्जागृती’च्या उत्साही वर्णनांत विचारलेला दिसत नाही. पण रडून त्या कोपऱ्यात बसल्या नाहीत, हेही तितकेच खरे. टोळ्या करून त्या गावोगाव शुभवर्तमान सांगायला गेल्या. विधवेच्या नुसत्या दिसण्याने ज्या काळी अपशकुन होई, त्या काळी या पोरीबाळी वेशीत उभ्या राहून परक्या माणसांना त्यांच्या पापांविषयी विचारत होत्या.